दोन्ही हात वर केलेली बाई

आमच्या गावात शिरताना उजव्या हाताला फलकावर जी बाई दोन्ही हात वर करून उभी आहे ना, ती माझी मोठी जाऊ. खाली ठळक अक्षरांत लिहिलंय, "आमचं पाणथळ, आमचा निर्णय!" येणारे-जाणारे बघतात आणि म्हणतात, काय हा उत्साह, काय ही जागृती! खरं सांगू का? ती चहा मागतेय. एक हात स्वतःसाठी आणि एक घरी पडून असलेल्या नवऱ्यासाठी.

मला ठाऊक आहे, कारण तेव्हा किटली माझ्या हातात होती. सभागृहाला लागून माझी चहाची टपरी आहे आणि गावात कसलीही सभा असो, चहा माझ्याकडूनच जातो. पूर्वी सभा कधीतरी व्हायच्या. मग वरून धोरण आलं की गावच्या पर्यावरणाचं काय करायचं ते गावकऱ्यांना विचारल्याशिवाय ठरवायचं नाही. तेव्हापासून माझी शेगडी विझलेली नाही. पर्यावरणाचं म्हणाल तर ते पुढं सांगते, पण माझं बरं चाललंय.

आता जाऊबाईंचं. त्या चटया विणतात. गावाच्या खालच्या अंगाला पाणथळ आहे, गुडघाभर पाणी आणि छातीपर्यंत लव्हाळं. ते कापायचं, वाळवायचं आणि मागावर विणायचं, हा आमच्या सासरचा धंदा. लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना यातलं ओ की ठो येत नव्हतं. त्यांची पहिली चटई एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला अरुंद झाली, तेव्हा सासऱ्यांनी विचारलं, "सूनबाई, ही झोपायला आहे की घसरायला?" दुसरी असती तर मुसमुसत आत गेली असती. ह्या म्हणाल्या, "तुम्हीच झोपून बघा आणि सांगा." त्यांची जीभ पहिल्यापासून अशी.

थोरले भावोजी, म्हणजे त्यांचे यजमान, त्याच लव्हाळ्याची सुतळी वळतात. पूर्वी लव्हाळं कापायलाही तेच जायचे. मग एका आजारपणात कमरेखालचं अंग गेलं. बोलायला त्यांना आधीपासूनच जिवावर यायचं, आता चालणंही गेलं. हात मात्र शाबूत राहिले. मग विळा जाऊबाईंनी घेतला. भावोजी खिडकीशी खाटेवर बसून सुतळी वळायचे, ह्या खाली मागावर विणायच्या आणि दिवसभर भांडण चालायचं. म्हणजे भांडायच्या जाऊबाई, भावोजी नुसतं "हं" म्हणायचे. त्या "हं"वर त्या आणखी भडकायच्या. भिंतीपलीकडून मी सगळं ऐकायची आणि मला हेवा वाटायचा. माझे यजमान सुतळी राहू द्या, स्वतःच्या बुटाची नाडीसुद्धा मला बांधायला लावतात.

तर धोरण आलं आणि धोरणाबरोबर एक समन्वयक आला. गळ्यात पट्टा, पट्ट्याला स्वतःचाच फोटो, कदाचित आरशाची सोय नसेल म्हणून. माणूस गोड होता हो, खोटं कशाला बोलू. प्रत्येकाला "तुमचं मत काय?" विचारायचा आणि उत्तर येईपर्यंत मान हलवत राहायचा. "आम्ही काही ठरवायला आलेलो नाही," तो म्हणायचा, "ठरवायचं तुम्हीच." काय ठरवायचं ते मात्र तो ठरवूनच आला होता. पाणथळाला विश्रांती द्यायची, कुंपण घालायचं, पक्षी वाढवायचे आणि आत कोणी पाऊल टाकायचं नाही.

गावाची समिती झाली. अध्यक्ष झाले आमचे पिठाच्या गिरणीचे मालक. माणूस हुशार, दळणाला आलेल्या बाईच्या चेहऱ्यावरून पीठ जाड हवं की बारीक ते ओळखणारा. त्यांना पहिल्याच दिवशी कळलं की समितीत माणसं जितकी जास्त तितके गावाला मिळणारे सहभागाचे गुण जास्त. झालं! त्यांनी अख्खं गाव समितीत घातलं. न्हावी आला, शिंपीण आली, मी आले, खाटेवरचे भावोजी आले, अध्यक्षांची बायको आली आणि तिची कानानं ठार बहिरी आईसुद्धा आली. पाणथळातले पक्षी तेवढे राहिले. समन्वयकानं तर अध्यक्षांचा हातच धरला. म्हणाला, "शंभर टक्के सहभाग! मी असं गाव पाहिलं नाही."

मग ती सभा. समन्वयकानं सगळं समजावून सांगितलं, भिंतीवर बगळ्यांची चित्रं दाखवली आणि विचारलं, "तर पाणथळ बंद ठेवायला कोणाकोणाची संमती आहे?" एक हात वर जाईल तर शपथ. विरोध होता असंही नाही. आमच्या गावची रीत अशी आहे की आधी शेजाऱ्याचा हात बघायचा, आणि शेजारी आमच्या हाताकडे बघत असतो. फोटोवाला कॅमेरा डोळ्याला लावून अवघडला. समन्वयकाच्या कपाळाला घाम आला. जाऊबाई तर मागच्या बाकावर शिंपिणीला चटईची नवी नक्षी समजावत होत्या, त्यांचं लक्षच नव्हतं.

अध्यक्ष उठले, खाकरले आणि म्हणाले, "बरं, आधी चहा कोणाकोणाला?"

सटासट हात वर. जाऊबाईंचे दोन्ही, कारण सभेचा चहा भावोजींसाठी घरी न्यायची त्यांची पद्धत होती आणि मी एका हाताला एकच पेला देते. तेवढ्यात फोटोवाल्यानं साधलं. मी पेले भरायला लागले. पेले भरता भरता कानावर आलं, "एकमतानं मंजूर." मला वाटलं चहाच मंजूर झाला.

पुढच्या आठवड्यात जाऊबाई विळा घेऊन पाणथळावर गेल्या तर पुढ्यात तारेचं कुंपण, दाराला कुलूप आणि कुलुपाच्या डोक्यावर फलकात त्या स्वतः, दुप्पट आकाराच्या, दोन्ही हात वर. तसाच दुसरा फलक गावाच्या तोंडाशीही लागला होता. आल्या तशा पाय आपटत गिरणीवर गेल्या. मीही मागोमाग, कारण असला तमाशा कोण सोडतं?

"कोणी बंद केलं माझं पाणथळ?" त्यांनी गिरणीच्या पट्ट्याच्या आवाजावर आवाज चढवून विचारलं.

अध्यक्षांनी गिरणी थांबवली. भुवयांवरचं पीठ पुसलं. "वहिनी, असं काय करता? तुम्हीच की! आम्ही सगळे एका हातानं होतो, तुम्ही तर दोन्ही हातांनी!"

"मी चहा मागत होते!"

"आता ते फोटोत कसं कळणार?" अध्यक्ष म्हणाले, आणि गिरणी चालू केली.

माळ्यावर लव्हाळं होतं तोवर माग चालला. ते संपलं आणि भिंतीपलीकडचा आवाजही संपला. आधी मला बरं वाटलं, दुपारी डोळा लागेल म्हणून. पण ती शांतता काही सुखाची नव्हती. एकदा पीठ मागायला गेले तर भावोजी खिडकीशी बसून सुतळी वळत होते. कुठून आणली म्हणून बघते तर जुनीच. वळून झाली की उलगडायचे आणि पुन्हा वळायचे. जाऊबाई मागाच्या चौकटीवरची धूळ पुसत होत्या, आणि भांडत नव्हत्या. मी पीठ न घेताच परत आले. मला रडू आलं, त्यात लाजायचं काय?

मग त्या माझ्याकडे पेले विसळायला येऊ लागल्या. मी कसं विचारायचं म्हणून घुटमळत होते, तर त्याच म्हणाल्या, "तुझे पेले कधी स्वच्छ नसतात, मला बघवत नाही, उद्यापासून मी येते." जाऊबाईंचा मान असा, उपाशी राहतील पण उपकार तुमच्यावर करून जातील.

संध्याकाळी घरी गेल्या की भावोजी एवढंच विचारायचे, "उघडलं?" त्या म्हणायच्या, "उघडेल." ते म्हणायचे, "हं."

असं चाललेलं असताना मूल्यमापनवाले येणार अशी बातमी आली. धोरण कितपत यशस्वी झालं, लोकांचा सहभाग खरा की खोटा, ते तपासायला. गावाला गुण मिळणार होते आणि गुणांवर धोरणाचा पुढचा टप्पा. अध्यक्षांनी सभागृहाला रंग दिला, म्हणजे दिसणाऱ्या भिंतीला. कोणी काय बोलायचं ते वाटून दिलं. न्हाव्याला जलचक्र, शिंपिणीला जैवविविधता. बिचारी रात्रंदिवस पुटपुटत होती, एका गिऱ्हाइकाच्या मापात तिनं छाती, कंबर, जैवविविधता असं सांगितलं. जाऊबाईंना अध्यक्ष म्हणाले, "वहिनी, तुम्ही फक्त हसा. फोटोत दिसता तशा."

जाऊबाई माझे पेले विसळत म्हणाल्या, "हसते की." त्यांचा तो सूर मी ओळखला. मी म्हटलं, "अहो, गाव एका बाजूला आणि तुम्ही एका बाजूला व्हाल." त्या म्हणाल्या, "गाव खाटेवर पडून जुनी सुतळी उलगडत नाहीये."

मूल्यमापनवाल्या बाई आल्या. चष्मा, कपाळावर आठी, हातात जाडजूड कागद. कोणी फसवून दाखवाच, असा चेहरा. मला तर आशा वाटली. न्हाव्यानं जलचक्र सांगितलं, त्यातून पाऊस गळला. बाईंची आठी वाढली. शिंपीण जैवविविधतेवर अडकली. बाईंनी पेन खाली ठेवलं. "हे सगळं पाठ केलेलं आहे," त्या म्हणाल्या. "मला खरं बोलणारं कोणी भेटेल का?"

अध्यक्षांचा चेहरा पिठासारखा पांढरा. जाऊबाई उभ्या राहिल्या.

"मी बोलते," त्या म्हणाल्या. "त्या फलकावर आहे ती मी. मी हात वर केले ते चहासाठी. पाणथळ बंद करायचं का, असं मला कोणी विचारलं असेल तर मी ऐकलं नाही, आणि ऐकलं असतं तर नाही म्हटलं असतं. माझ्या घरचं सगळं त्या लव्हाळ्यावर आहे. माझा माग बंद आहे. माझा नवरा दिवसभर जुनी सुतळी उलगडतो आणि पुन्हा वळतो. तुम्ही म्हणता पाणथळ आमचं. आमचं असेल तर किल्ली अध्यक्षांच्या खिशात का? मला काही नको, दार उघडा. एवढंच."

मी किटली खाली ठेवली. मला वाटलं, जिंकलो! आज कुलूप निघतंय.

मूल्यमापनवाल्या बाईंनी चष्मा काढला. डोळे पुसले, खरंच पुसले. मग समन्वयकाकडे वळून म्हणाल्या, "अद्भुत! एक सामान्य स्त्री, अध्यक्षांसमोर, इतक्या निर्भीडपणे विरोधी मत मांडते! हाच तर सहभाग! इतकी वर्षं मी हेच शोधतेय." आणि त्यांनी आम्हाला पैकीच्या पैकी गुण दिले. सगळ्या विभागात आमचं गाव पहिलं आलं. जिथे सहभाग एवढा जिवंत आहे तिथली व्यवस्था जशीच्या तशी पुढे चालू ठेवावी, अशी शिफारसही झाली. कुलुपाला नवं तेल घातलं गेलं.

अध्यक्षांनी जाऊबाईंचे पाय धरायचेच तेवढे बाकी ठेवले. "वहिनी, काय बोललात! मला आधी सांगायचं तरी!"

त्या संध्याकाळी भिंतीपलीकडून ऐकलं. "उघडलं?" "नाही. पण पहिला नंबर आला." "हं."

बरं, इथंच थांबलं असतं तर? छे! जाऊबाईंना इतर गावांत बोलावणी येऊ लागली. "निर्भीडपणे मत कसं मांडावं" या विषयावर. न्यायला गाडी, पोचवायला गाडी. पहिल्यांदा त्या आशेनं गेल्या, कोणीतरी मोठा ऐकेल म्हणून. मोठे ऐकायचेही, पहिल्या रांगेत बसून. जाऊबाई तेच सांगायच्या, चहा, हात, कुलूप, सुतळी. हळूहळू कुठे थांबलं की हशा येतो, कुठे थांबलं की रुमाल निघतात, हे त्यांना कळायला लागलं. एक-दोनदा मीही चहाची किटली घेऊन सोबत गेले, अध्यक्षही असायचे. "किल्ली अध्यक्षांच्या खिशात का?" म्हटल्यावर अध्यक्षच पुढे होऊन खिशातून किल्ली काढून दाखवायचे आणि टाळ्या घ्यायचे! मला शरम वाटली. कोणाची ते मात्र सांगता येईना.

परत आल्यावर खाटेवरून तोच प्रश्न. "उघडलं?"

"अजून नाही. टाळ्या खूप पडल्या."

"हं."

मग एका संध्याकाळी त्या गाडीतून उतरल्या, आत गेल्या आणि मी सवयीनं कान दिला. काहीच नाही. भांडी वाजली, पाणी ओतल्याचा आवाज आला, खाट करकरली. पण भावोजींनी विचारलंच नाही. मी वाट बघत राहिले. भिंतीपलीकडे त्याही वाट बघत होत्या, हे मला कळत होतं. शेवटी जाऊबाईंचाच आवाज आला, कधी नव्हे तो बारीक. "आज विचारणार नाही का?"

"कशाला," भावोजी म्हणाले.

सकाळी त्या विळा घेऊन निघाल्या. चोरून नाही, भर रस्त्यातून, स्वतःच्या फलकाखालून. मी शेगडी पेटवत होते. "जाऊबाई, कुठं?" म्हटलं. "कापायला," त्या म्हणाल्या. मी शेगडी तशीच सोडली. शिंपिणीनं आम्हाला बघितलं, मशीनवरून उठली. न्हावी अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक टाकून आला आणि त्याच्यामागून ती अर्धी दाढीही आली. कोणी कोणाच्या हाताकडे बघितलं नाही. कोणी भाषण केलं नाही, फोटो काढला नाही. कुंपणाची तार न्हाव्यानंच वाकवली. पाण्यात उतरून आम्ही भारे बांधले, आणि शेजारी कोण आहे म्हणून बघते तर अध्यक्षांची बायको, बाह्या वर करून! म्हणाली, "माझ्या आईला चटई हवीये, किती दिवस झाले मागतेय." बगळे थोडे उडाले, थोडे नाही उडाले. भित्रे नि धीट, त्यांच्यातही असतातच.

समितीनं याला अतिक्रमण म्हटलं. म्हणजे समितीच्या अध्यक्षांनी म्हटलं. दोषींवर कारवाई करायला तातडीची सभा बोलावली. पण नियम असा की आरोप असलेल्यानं निर्णयाला बसायचं नाही. आणि समितीत कोण? अख्खं गाव. पाणथळात कोण होतं? अख्खं गाव. भावोजी नव्हते, पण त्यांना खाटेसकट उचलून आणायला कोणी तयार होईना. अध्यक्षांची सासू आली होती, ती बहिरी. तिला वाटलं चटई वाटतायत. सभागृहात अध्यक्ष, सासू आणि रंगवलेली भिंत. मी चहा नेला नाही. तास दोन तास बसून अध्यक्ष घरी गेले, आणि घरी बायको दारातच लव्हाळं वाळवत होती. किल्ली त्यांच्या खिशात आहे अजून. कुलूपही आहे. शेजारची तार वाकलेली आहे, तिथून लोक जातात-येतात.

मूल्यमापनवाल्या बाई पुन्हा आल्या, या वेळी आठीसकट. सभेला उपस्थिती दोन, त्यात एक बहिरी; नियमभंग सर्वत्र. सहभागात आम्हाला शून्य मिळालं आणि गाव शेवटचं आलं. जाता जाता त्या जाऊबाईंच्या घरात शिरल्या. माग चालू होता. खाटेवरून भावोजी नवी सुतळी सोडत होते आणि जाऊबाई तिला नावं ठेवत होत्या, जाड आहे, खरखरीत आहे, डोळे फुटलेत का.

बाई दारात उभ्या राहिल्या. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं, तेही सांगायला हवं. "ताई, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती," त्या म्हणाल्या. "इतकं सुंदर बोलता तुम्ही. असं करण्याआधी आमच्याशी बोलायचं ना एकदा!"

जाऊबाईंनी वर पाहिलं नाही. लव्हाळ्याची एक काडी सरळ केली आणि विणीत घातली.

"बोलले होते की, बाई," त्या म्हणाल्या. "तुम्हाला फार आवडलं होतं."